अर्धवाहकांचा अभ्यास : पहिल्या वर्षाची अडचण

शालान्त परीक्षा उतरून जे विद्यार्थी पुढें भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकूं लागतील, त्यांच्यापुढें इलेक्ट्रॉनिक्स नांवाचा विषय लौकरच येऊन उभा राहील. तंत्रनिकेतनांत जाणाऱ्यांस तर तो त्याहूनहि आधीं भेटेल. डायोड, ट्रान्झिस्टर आणि त्यांचीं बनलेलीं विजेचीं मंडलें यांचें विवेचन हा या विषयाचा पहिला भाग होय. शाळेंत गणितांत व विज्ञानांत जीं मुलें नेहमीं पुढें असत, तींच या भागाशीं पोहोंचल्यावर दोन-तीन महिने गोंधळून जातात, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. घरीं आईवडील काळजीनें विचारतात, "इंग्रजी जड जातें काय? गणित कठीण आहे काय?" मुलें हो म्हणून वेळ मारून नेतात, आणि मनांत मात्र अशी समजूत करून घेतात कीं, आपली बुद्धीच या विषयास पुरी पडत नाहीं.

आमच्या मतें ही समजूत निराधार आहे. या भागांतलें गणित म्हणावें तर बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि थोडेसे लॉगरिथम इतकेंच. खरी अडचण संवयीची आहे. शाळेच्या पुस्तकांत प्रत्येक उदाहरणास एक अचूक उत्तर असतें आणि तें पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. महाविद्यालयांत मात्र अध्यापक फळ्यावर आकृति काढतात आणि सहज म्हणून जातात, "डायोडवरचा दाब ०.७ व्होल्ट धरूं." हा आकडा कोठून आला, तो खरा कीं मानलेला, आणि मानलेला असल्यास तो केव्हां मानूं नये, हें न विचारतां मुलें तो पाठ करून टाकतात. मग जेथें तो चालत नाहीं तेथेंहि तोच लावतात आणि फसतात. या लेखांत त्या एका आकड्याचा माग काढण्याचा आमचा विचार आहे. वाचकांनीं जवळ कागद आणि पेन्सिल घेतल्यास बरें.

प्रथम ओमचा नियम आठवूं या. जॉर्ज ओम यांनीं तो १८२७ सालीं प्रसिद्ध केला. दाब दुप्पट केला कीं प्रवाह दुप्पट, तिप्पट केला कीं तिप्पट. आणि तारेचीं टोंकें उलटीं जोडलीं तरी प्रवाह तितकाच, केवळ दिशा उलट. तांबें व इतर धातू हा नियम निमूटपणें पाळतात. परंतु सृष्टींतील सर्वच पदार्थ असे आज्ञाधारक नाहींत. १८३३ सालीं मायकेल फॅरडे यांस असें आढळलें कीं, सिल्व्हर सल्फाइड तापविलें असतां त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहूं लागते. धातूंच्या बाबतींत नेमकें याच्या उलट घडतें. १८७४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनीं धातूंच्या सल्फाइडांचे स्फटिक घेऊन त्यांवर धातूचें अणकुचीदार टोंक टेकविलें, तेव्हां प्रवाह एका दिशेनें सहज जाई आणि उलट दिशेनें अडे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील आपले आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच गॅलेनाच्या स्फटिकाचा उपयोग विद्युत्-लहरी ओळखण्याकडे केला आणि १९०४ सालीं त्यांस त्याबद्दल अमेरिकेचें पेटंट मिळालें. हे सर्व पदार्थ ज्या वर्गांत मोडतात त्यास अर्धवाहक म्हणतात.

नांव थोडें फसवें आहे. अर्धवाहक म्हणजे तांब्याच्या निम्म्यानें वीज वाहून नेणारा, असा अर्थ कोणीं घेऊं नये. अगदीं शुद्ध सिलिकनचा रोध तांब्याच्या दहा हजार कोटींहून अधिक पट असतो. असें असतां त्याचा उपयोग तरी काय? उपयोग असा कीं, त्याची वाहकता आपणांस हवी तेथें आणि हवी तितकी ठरवितां येते. तांब्याची किंवा कांचेची तशी ठरवितां येत नाहीं. ती कशी ठरवितात हें पाहूं.

सिलिकनच्या अणूंत १४ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकीं बाहेरचे ४ शेजारच्या चार अणूंशीं बंध जोडण्यांत गुंतलेले असतात. एका घन सेंटिमीटरांत अणूंची संख्या ५ या आंकड्यापुढें २२ शून्यें मांडलीं म्हणजे जितकी होते तितकी. आणि नेहमींच्या हवामानांत बंध तोडून मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन सुमारें १ या आंकड्यापुढें १० शून्यें इतके, म्हणजे एक हजार कोटी. भागाकार केल्यास पांच लाख कोटी अणूंमागें एकच मोकळा इलेक्ट्रॉन पडतो. आतां या स्फटिकांत दर पन्नास लाख अणूंमागें एक अणु फॉस्फरसचा घातला तर काय होईल? फॉस्फरसच्या बाहेरच्या कवचांत ५ इलेक्ट्रॉन असतात. चार बंधांत अडकतात, पांचवा मोकळा राहतो. तेवढ्यानें मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दहा लाख पट वाढते. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत दोनचार पाहुणे आल्यानें बाजाराची उलाढाल दहा लाख पट व्हावी, तसें हें आहे. भेसळ हा शब्द दूध व तेल यांच्यामुळें बदनाम झाला आहे. येथें मात्र सगळी विद्या भेसळीचीच आहे, आणि मोजून भेसळ करतां यावी म्हणून आधीं सिलिकन असामान्य शुद्ध करावें लागतें. फॉस्फरस घातलेल्या सिलिकनास एन जातीचें म्हणतात.

फॉस्फरसऐवजीं बोरॉन घातलें तर बाहेरचे इलेक्ट्रॉन ३च मिळतात आणि एका बंधांत जागा रिकामी राहते. हें पी जातीचें सिलिकन. या रिकाम्या जागेस इंग्रजींत होल म्हणतात, आणि ती धन विद्युत् वाहून नेते असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. रिकामी जागा वाहते म्हणजे काय, हें मुलांस उमगत नाहीं. लग्नाच्या पंगतींतला मधला एक पाट रिकामा राहिला आहे असें समजा. यजमानांच्या सांगण्यावरून उजवीकडचा मनुष्य सरकून त्या पाटावर बसला. त्याच्या जागीं त्याच्या उजवीकडचा. असें होत होत रिकामा पाट पंगतीच्या उजव्या टोंकाशीं पोहोंचतो. प्रत्येक मनुष्य एकेकच पाट डावीकडे सरकला, परंतु वाढणाऱ्यास दिसला तो उजवीकडे चाललेला रिकामा पाट. ऋण भाराचे इलेक्ट्रॉन एका दिशेनें सरकले कीं धन भाराचें कांहींतरी उलट दिशेनें गेलें असें दिसावें, तें याच न्यायानें.

तथापि चतुर विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. हा दृष्टान्त सर्वस्वीं पुरा पडत नाहीं. एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधलेल्या परिणामाच्या साहाय्यानें वाहणाऱ्या भाराचें चिन्ह ओळखतां येतें, आणि पी जातीच्या सिलिकनवर तो प्रयोग केला असतां चिन्ह खरोखरच धन येतें. सरकणारीं माणसेंच काय तीं खरीं असतीं, तर तें ऋण यावयास पाहिजे होतें. याचा उलगडा पुंजयामिकीनें होतो, ए. एच. विल्सन यांनीं १९३१ सालीं अर्धवाहकांचा जो सिद्धान्त मांडला त्यांत त्याचें मूळ आहे. पहिल्या वर्षीं पंगतीवर काम भागवावें, पण ती पंगतच आहे हें ध्यानांत असूं द्यावें.

पी आणि एन या दोन जाती एकाच स्फटिकांत लागून असल्या म्हणजे त्यांचा सांधा होतो. हा सांधा प्रथम हातीं आला तो शोधूं म्हणून नव्हे. १९४० सालीं अमेरिकेंतील बेल टेलिफोन लॅबोरेटरींत रसेल ओल हे सिलिकनचे तुकडे तपाशीत असतां त्यांतील एका तुकड्यावर दिव्याचा प्रकाश पडतांच त्यांत विद्युद्दाब उत्पन्न होई. त्या तुकड्यास मधोमध तडा होता. पुढें उमगलें कीं, वितळलेलें सिलिकन थिजतांना त्यांतील अशुद्ध द्रव्यें सारखीं न राहतां दोन बाजूंस निरनिराळीं सांचलीं होतीं, आणि तड्याशीं पी व एन यांचा सांधा आपोआप जुळला होता. टाकून देण्याजोग्या तुकड्यांत डायोड आणि सूर्यघट हीं दोन्ही लपलीं होतीं.

सांध्याशीं काय घडतें? एन बाजूचे कांहीं इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन पी बाजूच्या रिकाम्या जागा भरतात. ते गेल्यामुळें एन बाजूस फॉस्फरसचे धन भाराचे अणु मागें राहतात आणि पी बाजूस बोरॉनचे अणु ऋण भाराचे होतात. हे अणु स्फटिकांत खिळलेले असल्यानें हलत नाहींत. अशा रीतीनें सांध्याच्या दोन्ही अंगांस मिळून मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनहि अरुंद अशी एक पट्टी तयार होते. तींत मोकळे भार जवळजवळ नसतात आणि तींतलें विद्युत्-क्षेत्र पुढच्या इलेक्ट्रॉनांस परत लोटतें. ही एक भिंतच समजावी. वर दिलेल्या प्रमाणांत दोन्ही बाजूंस भेसळ असेल तर या भिंतीची उंची सुमारें ०.७ व्होल्ट भरते.

येथें एक प्रश्न येतो, आणि तो ज्यास सुचतो त्यानें विषय मन लावून वाचला असें खुशाल समजावें. सांध्यांत ०.७ व्होल्ट दाब जर आयताच आहे, तर डायोडच्या दोन टोंकांस बॅटरीचा लहान दिवा जोडला असतां तो कां पेटूं नये? उत्तर असें कीं, सिलिकन जेथें धातूच्या तारांस मिळतें त्या दोन ठिकाणींहि असेच दाबाचे उतार असतात. सर्व वेढ्याची बेरीज केली तर ती शून्य होते. तसें नसतें तर अंधारांत ठेवलेल्या खड्यापासून फुकट वीज मिळाली असती. त्याच सांध्यावर ऊन पडूं दिलें म्हणजे गोष्ट बदलते. मग बाहेरून शक्ति मिळते आणि सिलिकनचा सूर्यघट अर्धा व्होल्ट किंवा थोडा अधिक दाब देतो.

आतां बॅटरीचें धन टोंक पी बाजूस आणि ऋण टोंक एन बाजूस जोडलें कीं भिंत ठेंगणी होते. इलेक्ट्रॉनांची उष्णतेची धांवपळ सर्वांची सारखी नसते. कांहीं थोडेच चपळ असतात आणि तेच भिंत ओलांडतात. भिंत थोडी उतरविली कीं ओलांडणाऱ्यांची संख्या बेरजेनें न वाढतां गुणाकारानें वाढते. सर्वसाधारण तपमानांत हिशेब असा पडतो कीं, दाब सुमारें ६० मिलिव्होल्टनीं वाढविला म्हणजे प्रवाह दसपट होतो. हें एक वाक्य ज्यानें पक्कें केलें त्यास पुढचें निम्मे पुस्तक सोपें गेलें म्हणावें.

समजा, एका सिलिकन डायोडांतून १ मिलिअँपिअर प्रवाह जात असतां त्यावर ०.७ व्होल्ट दाब आहे. मग १० मिलिअँपिअरला ०.७६ व्होल्ट आणि मिलिअँपिअरच्या दशांशाला ०.६४ व्होल्ट. प्रवाह शंभर पट बदलला आणि दाब ०.६४ पासून ०.७६ पर्यंतच सरकला! आतां ०.७ चें मूळ कळलें. तो निसर्गाचा स्थिरांक नव्हे. नेहमींच्या मंडलांतून जे प्रवाह वाहतात, त्या सर्वांसाठीं दाब त्याच्या आसपास घुटमळतो, म्हणून सोयीसाठीं घेतलेला तो ठोकताळा आहे. जर्मेनियमच्या सांध्यास असाच आकडा सुमारें ०.३ येतो, तांबड्या प्रकाशाच्या डायोडास जवळजवळ २ आणि निळ्यास सुमारें ३. शिवाय सिलिकनचा सांधा तापला तर दर अंशास त्यावरचा दाब सुमारें २ मिलिव्होल्टनीं उतरतो.

ठोकताळा किती विश्वासू आहे हें करून पाहूं. ५ व्होल्टची बॅटरी, १ किलोओमचा रोधक आणि वरचा डायोड एकामागून एक जोडले आहेत. डायोडवर ०.७ धरले तर रोधकावर ४.३ व्होल्ट राहिले, म्हणून प्रवाह ४.३ मिलिअँपिअर. आतां तपासणी. ४.३ मिलिअँपिअरला डायोडवरचा दाब ६० मिलिव्होल्टच्या नियमानें ०.७३८ येतो. तो घेऊन पुन्हां भागाकार केला तर प्रवाह ४.२६. फरक शेंकडा एकाहूनहि कमी, आणि बाजारांतून आणलेला रोधकच शेंकडा पांचानें चुकीचा असूं शकतो! तेथें अधिक सूक्ष्म हिशेब करीत बसणें हा कालाचा अपव्यय होय.

बॅटरी १ व्होल्टची घेतली तर? ठोकताळा म्हणतो ०.३ मिलिअँपिअर. वरीलप्रमाणें दोनतीन वेळां फिरवून घेतलें म्हणजे उत्तर ०.३२९ वर स्थिरावतें. चूक शेंकडा नऊ. कधीं चालेल, कधीं चालणार नाहीं. आणि बॅटरी अर्ध्या व्होल्टची असली तर ठोकताळा म्हणतो, डायोड बंद, प्रवाह शून्य. खरा प्रवाह अर्ध्या मायक्रोअँपिअरच्या आसपास असतो. दिव्यास तो शून्यच. परंतु अंधुक प्रकाश मोजणाऱ्या एखाद्या नाजूक यंत्रास तो पुष्कळ होईल. तोच डायोड, तोच नियम. उत्तर पुरेसें आहे कीं नाहीं हें मात्र कामावरून ठरतें. शाळेच्या पुस्तकांत हा प्रश्न कधीं येतच नाहीं, आणि मुलें गोंधळतात तीं नेमकीं येथें.

मंडलांत दोनतीन डायोड असले कीं आणखी एक गोष्ट करावी लागते. कोणता डायोड चालू आणि कोणता बंद हें आधीं कळत नाहीं, म्हणून तें मानून चालावें लागतें. चालू मानलेल्या डायोडांतून प्रवाह उलटा येऊं लागला, किंवा बंद मानलेल्यावर सुलट्या बाजूनें ०.७ हून अधिक दाब निघाला, तर मानलेलें खोटें. तें बदलून हिशेब पुन्हां मांडावयाचा. पुष्कळ मुलें येथें खोडरबर काढून पहिला हिशेब पुसतात आणि शरमतात. पुसूं नये. तो हिशेब उत्तराचाच एक भाग आहे, आणि जाणते परीक्षक त्यास गुण देतात.

प्रयोगशाळेंत सहसा पहिल्यानें बांधावयास मिळतें तें उलटसुलट प्रवाह एकमार्गी करणारें मंडल. ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्ट असें लिहिलेलें असतें, चार डायोडांचा पूल आणि कंडेन्सर जोडून मल्टिमीटर लावला तर कांटा १५ च्या पुढें जातो, आणि मुलांस वाटतें कीं मीटर बिघडला. १२ हा सरासरीच्या एका विशिष्ट रीतीनें काढलेला आकडा आहे. लाटेचा माथा १२ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारें १७ व्होल्ट असतो. पुलांत एका वेळीं दोन डायोड वाटेंत येतात, त्यांचे १.४ वजा केले कीं १५.६ उरतात. आपल्याकडे वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यानें पुलानंतर सेकंदास १०० माथे येतात. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि दशांश अँपिअरचा भार असेल तर दोन माथ्यांमध्यें दाब जास्तींत जास्त १ व्होल्टनें खालीं येतो. १७ मधून १.४ गेले तर फारसें बिघडत नाहीं. परंतु रेडिओच्या स्फटिक-संचांत येणारा संदेश अर्ध्या व्होल्टहून कमी असला तर सिलिकनचा डायोड त्यास जवळजवळ सबंध गिळून टाकतो. म्हणून तेथें ०.३ चा जर्मेनियम लागतो. (पालकांस एक विनंति : मोबाइलचा चार्जर उघडून हें सर्व पाहण्याची हौस मुलांस करूं देऊं नये. त्यांत आधीं घरची २३० व्होल्टची वीजच एकमार्गी करतात, आणि तिचा माथा ३२५ व्होल्टचा असतो. कंडेन्सर प्लग काढल्यावरहि कांहीं वेळ झटका देऊं शकतो.)

आतां ट्रान्झिस्टर. डिसेंबर १९४७ मध्यें बेल लॅबोरेटरींतच जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर दोन टोंकें अगदीं जवळजवळ टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालविला. विल्यम शॉकली यांनीं लगेच पुढच्या वर्षीं सांध्यांच्या ट्रान्झिस्टरची कल्पना पूर्ण केली. तिघांस १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सांध्यांच्या ट्रान्झिस्टरांत दोन एन भागांमध्यें पी जातीचा फार पातळ थर असतो. पहिला एन भाग एमिटर, मधला थर बेस, तिसरा कलेक्टर. एमिटरमधून सुलट्या सांध्यानें बेसमध्यें शिरलेले इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांत पडून नाहींसे होण्याच्या आधींच पातळ थर ओलांडून कलेक्टरच्या क्षेत्रांत ओढले जातात. २०० इलेक्ट्रॉन निघाले तर एखादाच बेसमध्यें खर्च होतो. म्हणून बेसचा लहान प्रवाह कलेक्टरचा मोठा प्रवाह ठरवितो, आणि या दोहोंच्या गुणोत्तरास बीटा म्हणतात.

बीटा हा शब्द ऐकतांच मुलांस पुन्हां शाळा आठवते. 'बीटा २०० आहे' असें उदाहरणांत दिलेलें असलें कीं तीं तो आकडा तांब्याच्या घनतेसारखा धरून चालतात. सिलिकनचा बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेच्या डब्यांतून हटकून सांपडतो. त्याच्या माहितीपत्रकांत बीटा ११० पासून ८०० पर्यंत कितीहि असूं शकतो असें म्हटलेलें आहे. कारखान्यांत पातळ थराची जाडी आणि भेसळ यांत किंचित् फरक पडला तरी बीटा बदलतो, त्यास उपाय नाहीं.

यामुळें काय होतें तें पाहा. बॅटरी १० व्होल्टची, कलेक्टरशीं १ किलोओमचा रोधक, आणि प्रवाह ५ मिलिअँपिअर हवा. बीटा २०० धरला तर बेसला २५ मायक्रोअँपिअर पाहिजेत. बॅटरीच्या १० मधून ०.७ गेले, ९.३ राहिले, त्यास २५ मायक्रोअँपिअरनीं भागून बेसशीं सुमारें ३७० किलोओम. कागदावर उत्तर बिनचूक. आतां त्या जागीं बीटा ११० चा ट्रान्झिस्टर बसवा : प्रवाह २.७५ मिलिअँपिअर. बीटा ४०० चा बसवा : हिशेबानें १० मिलिअँपिअर येतो, म्हणजे कलेक्टरच्या रोधकावरच सबंध १० व्होल्ट पडले आणि ट्रान्झिस्टरला जवळजवळ कांहींच उरलें नाहीं. त्यास आतां आवाज मोठा करावयास सांगितला तर निम्मी लाट कापली जाईल. उदाहरण बरोबर सुटलें आणि मंडल निकामी ठरलें!

दुसरी रचना अशी. बॅटरीवर ८.२ आणि १.८ किलोओमचे दोन रोधक एकाखालीं एक जोडून मधल्या जागेंतून बेस काढा, आणि एमिटरच्या खालीं २२० ओमचा रोधक घाला. मधल्या जागीं १.८ व्होल्ट येतात. ०.७ वजा केले, एमिटरवर १.१ राहिले. १.१ ला २२० नीं भागा : ५ मिलिअँपिअर. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या हिशेबांत बीटाचें नांवहि आलें नाहीं. बेसचा थोडा प्रवाह धरून काटेकोर हिशेब केला तर बीटा ११० ला ४.७, २०० ला ४.८ आणि ४०० ला ४.९ मिलिअँपिअर येतात. ट्रान्झिस्टरचा प्रवाह वाढूं लागला कीं एमिटरचा दाब वर चढतो, बेस व एमिटर यांतलें अंतर कमी होतें आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. तपमान वाढल्यानें जो प्रवाह वाढतो, त्यालाहि हाच लगाम लागतो. पहिल्या रचनेंत तीन घटक, दुसरींत पांच. रोधकाची किंमत रुपयाच्या आंत असल्यानें या दोन रोधकांइतका सौदा स्वस्त कोणता? एमिटरच्या रोधकामुळें आवाज मात्र कमी वाढतो, आणि त्यावर उपाय म्हणून त्याच्या बाजूनें कंडेन्सर जोडतात. तो विषय दुसऱ्या सत्रांतला. एकाच तुकड्यावर अब्जावधि बसवितात ते ट्रान्झिस्टर दुसऱ्या जातीचे असतात. त्या जातीचा पहिला नमुना बेल लॅबोरेटरींतच १९५९ सालीं मोहम्मद अताल्ला व दावान कांग यांनीं करून दाखविला. त्यांचा अभ्यास वेगळा आहे, परंतु मानून चालणें आणि मग तपासणें ही रीत तेथेंहि तीच राहते.

प्रयोगशाळेंत ही दुसरी रचना ब्रेडबोर्डवर अवश्य बांधून पाहावी. मल्टिमीटर लावण्यापूर्वीं प्रत्येक ठिकाणीं किती दाब यावा तें वहींत लिहून ठेवावें, मागाहून नव्हे. बेसवर १.८ हून किंचित् कमी, एमिटरवर १.१ च्या जवळ, कलेक्टरवर ५.२ च्या आसपास. कलेक्टर व एमिटर यांमध्यें सुमारें ४ व्होल्ट आले तर ट्रान्झिस्टर नीट काम करीत आहे. दोन दशांशांहून कमी आले तर तो पूर्ण उघडून अडकला आहे; बॅटरीचे जवळजवळ सबंध १० आले तर तो बंद आहे. आणि बेसवर १.८ आणि एमिटरच्या रोधकावर शून्य असें दिसलें, तर क्षणभर विचार करावा. बेस व एमिटर यांमध्यें १.८ व्होल्ट झाले. ६० मिलिव्होल्टला दसपट या हिशेबानें जिवंत सिलिकन सांध्यावर इतका दाब टिकूंच शकत नाहीं; टिकण्यापूर्वीं प्रवाहानें तो जळाला असता. तेव्हां तो सांधा मंडलांत नाहींच. आधीं एमिटरचा पाय ब्रेडबोर्डच्या भोंकांत नीट बसला आहे काय तें पाहावें. बसलेला असेल तर सांधा तुटला आहे, दुसरा ट्रान्झिस्टर घ्यावा.